हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या पाद्रीबाबांना नागपूरच्या दगडात महाविनाशाचे पुरावे सापडले होते

पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात कळस नावाचं गाव आहे. तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा. या पट्ट्यात कुणी विहीर पाडायला घेतली की क्रम साधारण ठरलेला असतो. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड आणि त्याखाली सुरुंग लावल्याशिवाय न हलणारा काळा पाषाण.

आणि कधीकधी दोन काळ्या थरांच्या मधे एक तांबडा थर लागतो.

तो काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा, हे आपण शाळेत शिकलोय. पण तो तांबडा थर? दोन लाव्ह्यांच्या मधे बराच काळ गेला, त्या काळात दगडाची माती झाली आणि मग वरून आलेल्या पुढच्या लाव्ह्याने ती विटेसारखी भाजली. त्याचा हा थर.

म्हणजे महाराष्ट्र एका दणक्यात तयार झाला नाही. लाव्हा आला, थांबला, परत आला.

मग तो थांबलेला असताना इथे काय होतं? झाडं होती? पाणी होतं? कुणी जिवंत होतं का?

या प्रश्नाचं सगळ्यात सविस्तर उत्तर पहिल्यांदा दिलं ते नागपुरात राहणाऱ्या एका स्कॉटिश पाद्रीबाबांनी. त्यांचं नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरकरांना हे नाव कॉलेजमुळे पाठ आहे. पण हा माणूस दगड फोडत हिंडायचा, हे फार कमी जणांना माहिती असतं.

गवंड्याचा पोरगा

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा. गाव डन्स, स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला. वडील गवंडीकाम करायचे, म्हणजे दगडाशी नातं घरातूनच होतं. थोरले भाऊ अलेक्झांडर हेही पुढे पाद्री झाले आणि धार्मिक लिखाणामुळे बऱ्यापैकी गाजले.

स्टीफन यांना लहानपणापासून किडे, झाडं, दगड गोळा करायची आवड. पण शिक्षण घेतलं ते धर्मशास्त्राचं. आता आपल्याला वाटेल, धर्मशास्त्र शिकलेला माणूस आणि कोट्यवधी वर्षांचे दगड, हे जमायचं कसं?

तर त्या काळातल्या स्कॉटलंडमध्ये ते जमत होतं. तिथले सगळ्यात मोठे धर्मोपदेशक थॉमस चॅल्मर्स हे पृथ्वी अतिप्राचीन आहे असं उघडपणे मानायचे. बायबलमधल्या सृष्टीच्या कथेत मधे मोठा काळ गेलाय, असा अर्थ ते लावायचे. ह्यू मिलर नावाचा दगडकाम करणारा माणूस जीवाश्मांवर पुस्तकं लिहून घराघरात पोचला होता आणि तो कट्टर धार्मिकही होता. या लोकांच्या लेखी दगड वाचणं म्हणजे देवाचंच दुसरं पुस्तक वाचणं होतं.

१८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये उभी फूट पडली आणि फ्री चर्च वेगळं झालं. चॅल्मर्स त्याचे पुढारी. हिस्लॉपही त्याच बाजूला गेले.

या नव्या चर्चला भारतात मिशन काढायचं होतं. मद्रास फौजेतल्या विल्यम हिल नावाच्या अधिकाऱ्याने त्यासाठी देणगी दिली होती आणि जागा ठरली नागपूर. त्यासाठी निवड झाली २७ वर्षांच्या हिस्लॉप यांची.

लग्न करून बायकोसोबत ते बोटीत बसले. १८४४ च्या डिसेंबरमध्ये मुंबईला उतरले आणि १८४५ च्या सुरुवातीला नागपूरला पोचले.

भोसल्यांच्या नागपुरात

तेव्हा नागपूर इंग्रजांच्या थेट राज्यात नव्हतं. गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. शेजारी कामठीला इंग्रजांची छावणी होती आणि तिथे मद्रास फौजेच्या पलटणी होत्या.

हिस्लॉप मराठी शिकले. १८४६ साली त्यांनी नागपुरात शाळा काढली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे पाद्री त्यांच्या मदतीला आले. हंटर यांनाही दगड, झाडं आणि प्राण्यांचं वेड.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. हिस्लॉप काही विज्ञान करायला आले नव्हते. ते धर्मप्रचारासाठी आले होते आणि धर्मांतरावरून शहरात तणावही व्हायचे. १८५३ मध्ये रघूजी वारले, दत्तक वारस नाकारून डलहौसीने संस्थान खालसा केलं. ज्या सत्तेने हे केलं, तिच्याच सावलीत मिशनचं काम चालायचं. हिस्लॉप यांच्या कामाकडे बघताना हा भाग बाजूला ठेवता येत नाही.

पण संध्याकाळी, कामातून मोकळे झाल्यावर, हे दोघं हातोडी घेऊन बाहेर पडायचे.

टाकळीचा शंख

१८५१ चा जून महिना. नागपूरच्या पश्चिमेला तीन-चार किलोमीटरवर टाकळी. आज ती शहराच्या पोटात गेलीये, तेव्हा ती गावाबाहेर होती. फिरता फिरता हिस्लॉप आणि हंटर यांना तिथे दगडात एक शंख दिसला.

शंख समुद्रातला नव्हता. तळ्यात, डबक्यात राहणाऱ्या गोगलगायीचा होता. शास्त्रात त्या जातीला तेव्हा फायसा प्रिन्सेपाय म्हणायचे.

आता यात एवढं काय?

तर हा शंख ज्या पातळ थरात होता, त्याच्या खाली लाव्हा होता आणि वरही लाव्हा होता. लाव्ह्यात काही जगत नाही. म्हणजे खालचा लाव्हा थंड झाल्यावर त्यावर पाणी साचलं, तळं झालं, त्यात गोगलगायी आल्या आणि मग वरून पुन्हा लाव्ह्याने सगळं झाकून टाकलं. कळसच्या विहिरीतल्या तांबड्या थराचा हा नागपुरी भाऊबंदच म्हणायचा. फरक एवढाच की इथे तळं होतं, त्यामुळे आत राहणारे लोकही सापडले.

अशा थरांना भूगर्भशास्त्रात अंतराट्रॅपी थर म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतून आला, अर्थ जिना. सह्याद्रीचे डोंगर लांबून बघितले तर पायऱ्यांसारखे दिसतात ना, म्हणून दक्खन ट्रॅप.

हिस्लॉप यांच्या आधी कुणालाच हे दिसलं नव्हतं असं नाही. पुणे भागातल्या खडकांबद्दल कर्नल साइक्स यांनी १८३० च्या दशकातच लिहिलं होतं. हेन्री व्हॉयसी आणि जॉन माल्कमसन यांना लाव्ह्यांच्या मधल्या थरात शंख सापडले होते. पण हिस्लॉप आणि हंटर यांनी जे केलं ते वेगळं होतं. ते एका शंखावर थांबले नाहीत. पुढची बारा वर्षं हिस्लॉप त्याच थरांच्या मागे लागले.

आणि काय काय निघालं!

दगड झालेली फळं आणि बिया. पानं. झाडांची खोडं. कित्येक प्रकारचे शंख-शिंपले. माशांचे खवले. डोळ्याला जेमतेम दिसणारे पाण्यातले कवचधारी जीव. इतकंच काय, भुंग्यांचे कडक पंखसुद्धा.

हे इतकं नाजूक टिकलं कसं? लाव्ह्याच्या आजूबाजूच्या पाण्यात सिलिका भरपूर विरघळते. तीच गारगोटीतली सिलिका. ती चिखलात मुरली आणि बी असो की पंख, प्रत्येक गोष्टीचा साचा दगडात धरून ठेवला.

हिस्लॉप यांनी हे नमुने पेट्यांत भरून लंडनला पाठवले. तिथे कीटकांवर अँड्र्यू मरे यांनी काम केलं, सूक्ष्म कवचांवर रूपर्ट जोन्स यांनी. शंख-शिंपल्यांचं वर्णन स्वतः हिस्लॉप यांनी लिहिलं. १८५५ आणि १८६० साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात हे सगळं छापून आलं. १८५५ च्या सुमारास हंटर परत गेले, पण हिस्लॉप यांनी काम सोडलं नाही. टाकळीला मिळालेल्या एका हिरव्यागार कॅल्साइटला तर हिस्लॉपाइट असं नावच देण्यात आलं.

एक नाही, दोन महाविनाश

खरी गंमत पुढे आहे. हिस्लॉप यांना ती कधीच कळली नाही.

पृथ्वीच्या इतिहासात पाच मोठे महाविनाश झाले, असं मानलं जातं. त्यातला सगळ्यात भयंकर सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा, पर्मियन काळाच्या शेवटचा. समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ प्रजाती तेव्हा संपल्या. सगळ्यात प्रसिद्ध सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्यात डायनासोर गेले.

या दोन्ही वेळी पृथ्वीवर महाकाय लाव्हा वाहत होता. पहिल्या वेळी सायबेरियात. दुसऱ्या वेळी महाराष्ट्रात.

आणि हिस्लॉप यांच्या पिशवीत दोन्ही वेळचे पुरावे होते.

पहिला पुरावा कामठीचा. कामठीच्या वाळूच्या दगडात हिस्लॉप यांना जिभेच्या आकाराची पानं मिळाली. ग्लॉसोप्टेरिस. चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली नागपूरच्या या वनस्पतींचं वर्णन छापलं. ही झाडं एकेकाळी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकावर पसरली होती, कारण हे सगळे तुकडे तेव्हा एकमेकांना चिकटलेले होते. विदर्भातला कोळसा मुख्यतः याच जंगलांचा. पर्मियनच्या शेवटी ही जंगलं संपली.

दुसरा पुरावा मांगलीचा. नागपूरच्या दक्षिणेला शंभर-एक किलोमीटरवरच्या या गावातून हिस्लॉप आणि हंटर यांनी एक चपटी कवटी मिळवली. रिचर्ड ओवेन, म्हणजे ज्यांनी डायनासोर हा शब्द तयार केला तेच, त्यांनी १८५५ साली तिचं वर्णन केलं आणि नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. बेडकांच्या दूरच्या नात्यातला हा उभयचर प्राणी. तो ट्रायासिक काळाच्या सुरुवातीचा मानला जातो. म्हणजे त्या सगळ्यात मोठ्या महाविनाशानंतरच्या जगातला.

तिसरा पुरावा पिसदुऱ्याचा. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचं हे गाव. इथे हिस्लॉप यांना सरपटणाऱ्या अजस्र प्राण्यांची हाडं आणि दात मिळाले. आज आपण त्यांना डायनासोर म्हणतो. इथेच डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. २००५ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी पिसदुऱ्याच्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष शोधले आणि जगभर खळबळ उडाली. कारण तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत होतं, याचे ठोस पुरावेच नव्हते.

आणि चौथा पुरावा टाकळीचा. लाव्ह्याच्या दोन लाटांमधलं तळं.

कामठी, मांगली, पिसदुरा, टाकळी. एका माणसाने, घोड्यावरून फिरून, जगाच्या दोन अंतांची पानं गोळा केली. तीही शाळा आणि प्रवचनं सांभाळून.

लाव्हा जीव घेतो कसा?

लाव्हा अंगावर येऊन माणूस किंवा प्राणी मरतो हे कळतं. पण नागपूरच्या लाव्ह्याने समुद्रातले जीव कसे मरतील?

उत्तर लाव्ह्यात नाही, वायूत आहे.

दक्खनचा लाव्हा सिनेमात दाखवतात तसा एका टोकदार डोंगरातून उडाला नाही. जमिनीला मैलोन्‌मैल भेगा पडल्या आणि त्यातून तो पसरत गेला. आज जे उरलंय त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते.

आता तुलना बघा. १७८३ साली आइसलँडमध्ये लाकी नावाच्या ठिकाणी अशीच भेग पडली. आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आला. त्यासोबत आलेल्या गंधकाच्या वायूने युरोपभर धुरकं पसरलं आणि आइसलँडमधली साधारण पाचवा हिस्सा माणसं दुष्काळाने मेली.

दक्खनच्या लाव्ह्याचं अंदाजे आकारमान दहा लाख घन किलोमीटरपर्यंत जातं. ते एका वर्षात आलं नाही, साधारण दहा लाख वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने आलं. पण प्रत्येक टप्प्याला दोन प्रकारचे वायू सुटले.

गंधकाचे वायू सूर्य झाकतात. काही वर्षं थंडी, आम्लाचा पाऊस.

कार्बन डायऑक्साइड मात्र लवकर जात नाही. तो हवेत साचतो, तापमान वाढवतो. समुद्रात विरघळला की पाणी आम्लधर्मी होतं आणि शंख-शिंपल्यांना कवच बनवणं अवघड जातं. डायनासोर संपण्याच्या दोन-तीन लाख वर्षं आधी पृथ्वी काही अंशांनी तापली होती, असं समुद्रतळाच्या गाळात दिसतं. बरेच शास्त्रज्ञ ती वाढ दक्खनच्या लाव्ह्याशी जोडतात.

मग उल्केचं काय? मेक्सिकोजवळ चिक्शुलूबला उल्का पडली, हे पक्कं आहे. १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांच्या गटाने उल्केचा सिद्धांत मांडला आणि पुढे ते विवरही सापडलं. आज बहुतेक शास्त्रज्ञ शेवटचा घाव उल्केचा मानतात. दक्खनच्या लाव्ह्याने आधीच जीवसृष्टी किती खिळखिळी केली होती, यावर वाद चालू आहे.

सायबेरियाच्या बाबतीत मात्र उल्का नव्हती. तिथे तप्त शिलारस जमिनीखालच्या कोळशात आणि मिठाच्या थरात घुसला. आधीच साठवलेला कार्बन जळून हवेत गेला. त्यामुळे तो विनाश सगळ्यात मोठा ठरला, असं मानतात.

मग पृथ्वी सावरली कशी?

याचं उत्तर पुन्हा त्या काळ्या दगडात आहे.

पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं आम्लधर्मी होतं. ते बेसॉल्टवर पडलं की दगड झिजतो. झिजलेल्या दगडातलं कॅल्शियम आणि पाण्यातला कार्बन नदीतून समुद्रात जातो. तिथे त्याची कवचं होतात, चुनखडी होते आणि तो कार्बन हवेच्या बाहेर कायमचा अडकतो.

बाकी काय उरतं? काळी माती.

म्हणजे इंदापूरच्या उसाखालची, विदर्भाच्या कापसाखालची काळी माती ही पृथ्वीने हवा साफ केल्याची खूण आहे. ज्या लाव्ह्याने कार्बन सोडला, त्याच लाव्ह्याचा दगड तो परत ओढून घेतो. फक्त सोडायला तो थोडा वेळ घेतो आणि ओढायला लाखो वर्षं.

म्हणून टाकळीचा तो शंख महत्त्वाचा. लाव्हा थांबला की पाणी येतं, झाडं येतात, गोगलगायी येतात. जीवसृष्टीला सवड मिळाली तर ती परत उभी राहते. प्रश्न असतो दोन लाटांमधल्या सवडीचा.

हिस्लॉप यांचा अंदाज

हिस्लॉप यांनी शंखांची तुलना करून टाकळीचे थर इओसीन काळातले, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरचे ठरवले. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ लाव्ह्यांच्या मधे मिळालेल्या शंखांशी त्यांनी ते जुळवून पाहिले.

यावर पुढे शंभरेक वर्षं वाद झाला. वनस्पती-जीवाश्मांचे मोठे अभ्यासक बिरबल साहनी यांचाही कौल हिस्लॉप यांच्यासारखाच डायनासोरनंतरच्या काळाला होता. दुसरा गट म्हणायचा, लाव्हा डायनासोरच्या काळातलाच. पुढे किरणोत्सारी पद्धतीने दगडाचं वय काढता यायला लागलं आणि उत्तर मिळालं, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. बरोबर सीमेवर.

नागपूर भागातले थर डायनासोरच्या काळातले निघाले, म्हणजे तिथे हिस्लॉप चुकले. पण २००८ साली गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजमहेंद्रीच्या लाव्ह्यांमधल्या थरात महाविनाशानंतर लगेच आलेले सूक्ष्म समुद्री जीव शोधले. म्हणजे लाव्हा विनाशाच्या आधीही वाहत होता आणि नंतरही.

शंखांवरून वय ठरवायचं, हातात दुसरं कुठलंही यंत्र नाही आणि तरी माणूस सीमेच्या इतक्या जवळ पोचला. हे थोडं नाही.

गोंडांच्या कथा आणि शेवटचा ओढा

हिस्लॉप फक्त दगडांत रमले नाहीत. ते गोंडी भाषा शिकले आणि गोंडांच्या कथा, लिंगोचं गाणं, चालीरीती लिहून ठेवल्या. पुढे ज्या दगडांना आणि ज्या प्राचीन खंडाला जगाने गोंडवाना हे नाव दिलं, ते याच गोंडांच्या मुलखावरून. ते नाव रूढ होण्याआधीच हिस्लॉप यांनी तिथले दगडही पाहिले होते आणि माणसंही.

१८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. त्याचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांना हिस्लॉप यांच्या माहितीचं मोठं अप्रूप होतं.

सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटजवळ प्राचीन शिळावर्तुळं आहेत, दफनाच्या जागी दगडांची गोल मांडणी केलेली. ती बघायला टेम्पल यांच्यासोबत हिस्लॉप गेले. जवळची एक शाळा तपासायची म्हणून ते मागे थांबले आणि संध्याकाळी बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून एकटेच निघाले.

पावसाळ्याचे दिवस. मधल्या ओढ्याला पाणी चढलं होतं.

मुक्कामावर घोडा एकटाच पोचला. शोधाशोध झाली. हिस्लॉप यांचा मृतदेह पाण्यात सापडला. तारीख ४ सप्टेंबर. चार दिवसांनी ते ४६ वर्षांचे होणार होते.

पिसदुऱ्याच्या हाडांबद्दलची त्यांची पत्रं लंडनच्या नियतकालिकात १८६४ साली छापून आली, ते गेल्यावर. गोंडांवरचे त्यांचे कागद टेम्पल यांनी १८६६ साली संपादित करून छापले. नागपूरचं संग्रहालय, म्हणजे आपला अजबबंगला, तोही १८६३ चाच. त्यांनी सुरू केलेल्या शाळेच्या कामातून पुढे १८८३ साली हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं.

आज याचं काय?

कामठीच्या त्या पानांकडे परत येऊ. ग्लॉसोप्टेरिसच्या जंगलांनी २५ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी हवेतला कार्बन घेतला आणि जमिनीत गाडला. तोच आज विदर्भातल्या खाणींतून निघतो आणि कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत जळतो. महाराष्ट्राची बरीचशी वीज त्यावर चालते.

जमिनीतला कोळसा जाळून कार्बन हवेत सोडायचा, हे सायबेरियाच्या लाव्ह्याने केलं होतं. आता ते माणूस करतोय. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्या शंभरपटीच्या आसपास एकटा माणूस सोडतो.

दक्खनच्या लाव्ह्याला मधे मधे विश्रांती मिळाली. त्या विश्रांतीत टाकळीला तळं साचलं, झाडं उगवली, भुंगे आले. हिस्लॉप यांनी आयुष्याची बारा वर्षं त्या विश्रांतीचाच अभ्यास केला.

त्यांचे नमुने आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये जपून ठेवलेत. आणि इकडे टाकळी, गिट्टीखदानचा परिसर शहराने व्यापलाय. ज्या थरात ते तळं होतं, त्यावर आता घरं आणि रस्ते आहेत.

तेव्हा विहिरीच्या कामावर किंवा घाटातल्या कापलेल्या कड्यात दोन काळ्या दगडांच्या मधे वेगळ्या रंगाचा थर दिसला, तर जरा थांबून बघा. त्यात शंख असेलच असं नाही. पण लाव्हा थांबला होता आणि तेवढ्या वेळात इथे काहीतरी जगलं असणार, एवढं मात्र तो थर सांगतो.